बिग बँड संगीतरचनांची निवड

शालेय व हौशी वृंदांसाठी : जॅझ संगीताच्या मोठ्या वाद्यवृंदाकरिता, म्हणजे बिग बँडकरिता, लिहिलेल्या रचनांपैकी कोणती रचना शाळेच्या, महाविद्यालयाच्या, धर्मग्रामाच्या किंवा वस्तीतील हौशी वादकांच्या वृंदास पेलेल, हे ठरविण्याची पद्धती. येथे ‘रचना’ या शब्दाने केवळ गीताची चाल अभिप्रेत नाही. ती चाल कोणत्या वाद्यांत, कोणत्या पट्टीत व किती उंच स्वरांत मांडली आहे, हे ठरविणारे संगीत संयोजन अभिप्रेत आहे. एकाच चालीची बारा वर्षांच्या मुलांस वाजविता येण्याजोगी आणि व्यावसायिक वादकांचीही कसोटी पाहणारी अशी दोन्ही संयोजने उपलब्ध असतात. त्यामुळे निवड चालीची नसते, संयोजनाची असते. हौशी वृंदांची पुष्कळशी फसगत हा भेद न ओळखल्याने होते.

पूर्ण बिग बँडमध्ये सामान्यतः सतरा वादक असतात : पाच सॅक्सोफोन (दोन आल्टो, दोन टेनर व एक बॅरिटोन), चार ट्रंपेट, चार ट्राँबोन आणि पियानो, गिटार, बास व ड्रम यांचा लयविभाग. ही मांडणी १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत घडत गेली. फ्लेचर हेंडरसन (१८९७–१९५२) व त्याचा संयोजक डॉन रेडमन (१९००–६४) यांनी सॅक्सोफोन आणि पितळी वाद्ये हे विभाग परस्परांसमोर ठेवून त्यांत प्रश्नोत्तरासारखा संवाद योजला. ड्यूक एलिंग्टन (१८९९–१९७४) व काउंट बेसी (१९०४–८४) यांच्या वृंदांनी या पद्धतीस दोन भिन्न वळणे दिली. बेसीच्या वृंदातील अनेक रचना ‘रिफ’वर, म्हणजे पुनःपुन्हा येणाऱ्या लहानशा स्वरसमूहावर, उभ्या आहेत. एलिंग्टन मात्र वाद्यासाठी न लिहिता वादकासाठी लिही. कूटी विल्यम्स या ट्रंपेटवादकाच्या नावानेच त्याने १९४० मध्ये एक रचना ध्वनिमुद्रित केली. निवडीच्या दृष्टीने या भेदाचा परिणाम दूरगामी आहे. रिफवर आधारलेली रचना इतर वृंदांस सहज आपलीशी करता येते. विशिष्ट वादकाच्या ओठांची व श्वासाची शक्ती गृहीत धरून लिहिलेली रचना दुसऱ्याच्या हाती गेली, की अर्धी उरते.

मुंबईत जॅझ वृंद आले, ते हॉटेलांच्या नृत्यगृहांतून. लिऑन ॲबी याचा आफ्रो-अमेरिकन वृंद १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढे क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड हेही येथे आले. १९३९ पासून सुमारे दोन दशके मिकी कोरिया यांचा वृंद त्याच हॉटेलात होता. या वृंदांतील बहुतेक भारतीय वादक गोव्याचे असत. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मेस्त्रीच्या हाताखाली सोल्फेज व व्हायोलिन शिकलेली ही मंडळी धोबीतलाव-गिरगाव भागातील ‘कूड’ या गावकीच्या निवासांत उतरत. पाश्चात्त्य स्वरलिपी झरझर वाचणारे वादक म्हणून हॉटेलांत आणि नंतर चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांना मागणी असे. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट (अँटोनियो झेवियर वाझ, १९१६–६७) यांनी सी. रामचंद्र (१९१८–८२) यांच्याबरोबर काम केले. अलबेला (१९५१) या चित्रपटातील गीतांत त्या सहकार्याच्या खुणा स्पष्ट ऐकू येतात. सेबॅस्टियन डिसोझा (१९०६–९८) फाळणीपूर्वी लाहोरमध्ये वृंद चालवीत. मुंबईस आल्यावर ते ओ. पी. नय्यर व शंकर-जयकिशन यांचे संयोजक झाले. अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ मध्ये भारतीय रागांवर आधारित रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. अमर अकबर अँथनी (१९७७) चित्रपटातील गाजलेल्या गीतात जे नाव येते ते यांचेच. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य.

शालेय वृंदांच्या संदर्भात हा इतिहास आठवण्याचे कारण असे, की हे संयोजक समोर बसलेल्या वादकांची नावे जाणून लिहीत. अमुक ट्रंपेटवादक वरचा स्वर धरू शकतो, तमुक सॅक्सोफोनवादक क्लॅरिनेटही वाजवितो, हे ध्यानी घेऊन कागद तयार होत. परदेशातून आलेली छापील संयोजने पूर्ण वृंदासाठी असत; हाताशी असलेल्या वादकांप्रमाणे त्यांत फेरफार करणे भागच होते. १९८० नंतरच्या काळात सिंथेसायझर व अनेकपदरी ध्वनिमुद्रण यांमुळे चित्रपटसंगीतातील मोठ्या वृंदांचे काम झपाट्याने घटले आणि त्याबरोबर हे कौशल्यही ओसरले. हस्तलिखित कागद जपून ठेवण्याची पद्धत त्या व्यवसायात नव्हती. परिणामी आजच्या शालेय वृंदाच्या शिक्षकापुढे छापील परदेशी संयोजन असते, परंतु ते आपल्या मुलांच्या मापाचे करून देणारा जाणकार बहुधा जवळ नसतो.

मुंबईच्या उपनगरांत पितळी वाद्यांचे वादक निरनिराळ्या वाटांनी तयार होतात. वांद्र्यापासून अंधेरी, मालाड, बोरिवलीपर्यंतच्या ईस्ट इंडियन, गोवेकर व मंगळूरकर ख्रिस्ती वस्त्यांत चर्चचे गायकवृंद व लग्नसमारंभांतील बँड यांची परंपरा आहे. पुष्कळ शाळांत संचलनाचे बँड असतात. घाटकोपर-मुलुंडकडे वरातीचे बँड, गणेशोत्सवातील बेंजो पार्ट्या आणि चित्रपटगीतांचे ‘ऑर्केस्ट्रा’ यांतून वादकांचा हात बसतो. शिवाय लंडनच्या संस्थांच्या श्रेणी-परीक्षांसाठी पियानो, गिटार, व्हायोलिन व ड्रम शिकणारी मुले सर्वत्र आढळतात. या सर्वांना एकत्र बसविले, की कीबोर्ड व गिटार वाजविणारे गरजेपेक्षा अधिक, ट्रंपेट दोन-तीन, युफोनियम एखादे आणि ट्राँबोन बहुधा एकही नाही, असे चित्र दिसते. निवडीस येथूनच प्रारंभ करावयाचा असतो. प्रथम वादकांची यादी व प्रत्येकास खात्रीने वाजविता येणारा सर्वांत उंच व सर्वांत खालचा स्वर लिहून काढावा. नंतर संयोजन शोधावे. उलट क्रमाने गेल्यास वर्षभराचे श्रम एका पानावर अडकतात.

अमेरिकन प्रकाशक आपली संयोजने सामान्यतः अतिसुलभ ते प्रगत अशा श्रेणींत देतात. श्रेणीचा आकडा उपयोगी असला, तरी तो सरासरीचा असतो. एखाद्या सुलभ रचनेतही पहिल्या ट्रंपेटचा कागद इतरांहून अवघड असतो. म्हणून पूर्ण स्वरपत्र मिळवून पहिला ट्रंपेट, पहिला आल्टो, पहिला ट्राँबोन व ड्रम हे चार कागद स्वतंत्रपणे तपासावेत. नवशिक्या ट्रंपेटवादकास पाच रेघांच्या माथ्यावर बसणारा ‘जी’ ही मर्यादा पुरे. वरच्या दुसऱ्या जोडरेघेवरील ‘सी’ वारंवार येत असेल, तर ती रचना शाळेच्या बहुतेक वृंदांना अकालीच ठरते. केवळ सर्वांत उंच स्वर पाहून भागत नाही. तो किती वेळा येतो, त्याआधी किती पट्ट्या विश्रांती आहे, आणि तो रचनेच्या आरंभी येतो की ओठ थकल्यावर शेवटी, हेही पाहावे लागते. सॅमी नेस्टिको (१९२४–२०२१) याने बेसीच्या वृंदासाठी लिहिले, तसेच शालेय वृंदांसाठीही विपुल लिहिले. वरच्या स्वरांचा असा हिशेब कसा ठेवावा, हे त्याच्या कागदांवरून शिकता येते.

ट्राँबोनच्या सरकत्या नळीची सात स्थाने असतात आणि लहान मुलांचे हात सहाव्या-सातव्या स्थानापर्यंत नीट पोहोचत नाहीत. मंद्र ‘बी फ्लॅट’ पहिल्या स्थानी व लगतचा ‘बी’ सातव्या स्थानी लागतो. कागदावर अर्ध्या स्वराचे अंतर, पण हातास नळीचा संपूर्ण पल्ला! जलद लयीत अशी जोडी पुनःपुन्हा येणारी रचना मुलांस देऊ नये.

पट्टीचा प्रश्न भारतीय वृंदांत विशेष जाचक ठरतो. ट्रंपेट, टेनर सॅक्सोफोन व क्लॅरिनेट ही ‘बी फ्लॅट’ वाद्ये आहेत. वादकाने कागदावरील ‘सी’ वाजविला, की ऐकणाऱ्यास ‘बी फ्लॅट’ येतो. आल्टो व बॅरिटोन सॅक्सोफोनवर तोच ‘सी’ ‘ई फ्लॅट’ होतो. हार्मोनियमच्या परिभाषेत सांगावयाचे, तर काळी पाच ही बिग बँडची घरची पट्टी होय : तीत ट्रंपेटच्या कागदावर एकही शार्प वा फ्लॅट नसतो आणि आल्टोच्या कागदावर एकच शार्प असतो. काळी दोन व पांढरी चार याही सोयीच्या. गिटारवादकास मात्र मोकळ्या तारांमुळे पांढरी तीन व पांढरी सहा प्रिय असतात. पांढरी तीनमध्ये बसविलेले गीत तसेच लिहून दिले, तर ट्रंपेटच्या कागदावर सहा आणि आल्टोच्या कागदावर सात शार्प येतात. मूळ ध्वनिमुद्रिकेच्या पट्टीचा आग्रह धरून मुलांस असे कागद देणारे शिक्षक आढळतात, आणि मुलांना ‘वाचता येत नाही’ असा ठपका मग मुलांवरच ठेवला जातो. गायकास अर्धा स्वर वर-खाली घेण्यास सांगणे हा साधा उपाय होय.

नसलेल्या वाद्यांची भरपाई काही अंशी करता येते. ‘बी फ्लॅट’ क्लॅरिनेट वाजविणाऱ्यास ट्रंपेटचा अथवा टेनरचा कागद तसाच वाचता येतो. टेनरचा कागद मात्र त्याच्या वाद्यावर एक सप्तक उंच ऐकू येतो. वरातीच्या बँडमधील युफोनियम ट्राँबोनची जागा चांगली भरून काढते. वादकास बास-क्लेफ वाचण्याची सवय असली, म्हणजे झाले. चौथा ट्रंपेट व चौथा ट्राँबोन गळाल्यास सुलभ संयोजनांचे फारसे बिघडत नाही, कारण त्यांत मुख्य स्वर वरच्या तीन वाद्यांत ठेवलेले असतात. कमीत कमी किती वादकांत रचना उभी राहते, ते पुष्कळदा छापलेलेही असते. सर्व ट्राँबोन कीबोर्डवर वाजवून वेळ निभावता येते. पण श्वासाने वाजणाऱ्या विभागाचे उत्तर विजेच्या वाद्याने दिले, की प्रश्नोत्तराची गंमत निघून जाते. अशा वृंदाने पूर्ण बिग बँडचा हव्यास सोडून आठ-दहा वादकांसाठी लिहिलेली संयोजने घेणे अधिक शोभते.

लयीच्या बाबतीत सर्वसाधारण समज असा, की संथ रचना सोपी व जलद रचना अवघड. प्रत्यक्षात पुष्कळदा याच्या उलट अनुभव येतो. नील हेफ्टी (१९२२–२००८) याची ‘लिल डार्लिन’ ही रचना बेसीच्या वृंदाने १९५७ मध्ये ध्वनिमुद्रित केली. तिच्यात उंच स्वर वा जलद ताना फारशा नाहीत. परंतु ती इतकी संथ आहे, की तेरा वादकांनी स्वर एकाच क्षणी उचलणे व एकाच क्षणी सोडणे हीच परीक्षा होऊन बसते. नवा वृंद तिच्यात हमखास धावू लागतो. त्यापेक्षा मध्यलयीतील बारा पट्ट्यांचे ब्लूज आरंभास उत्तम. एलिंग्टनच्या ‘सी जॅम ब्लूज’ (१९४२) या रचनेची चाल अवघ्या दोन स्वरांची आहे. त्यामुळे मुलांचे सारे लक्ष झोकाकडे, म्हणजे ‘स्विंग’कडे देता येते. स्विंगमध्ये समान लिहिलेले दोन स्वर लांब-आखूड वाजतात. मात्रेचे तिस्र विभाजन करून पहिल्या स्वरास दोन व दुसऱ्यास एक भाग दिला, तर त्याची स्थूल कल्पना येते. ज्याने दादऱ्यात टाळी धरली आहे, त्यास हे शब्दांनी समजाविण्याची गरज पडत नाही. मात्र जलद लयीत हे प्रमाण सपाट होत जाते, ते ऐकूनच शिकावे लागते.

एकलवादनासाठी मोकळ्या सोडलेल्या जागा निवडीच्या वेळी सर्वांत दुर्लक्षित राहतात. काही प्रकाशने तेथे लिहून ठेवलेले एकलवादन देतात. भिडस्त मुलास पहिल्या वर्षी त्याचा आधार होतो. तथापि उपज हा जॅझचा प्राण आहे, आणि रागसंगीत ऐकत वाढलेल्या मुलांस ती सर्वस्वी परकी नसते. दोनच स्वरसंहती दीर्घकाळ चालणाऱ्या रचना अशा मुलांसाठी निवडाव्यात. दर दोन मात्रांस बदलणाऱ्या स्वरसंहतींत ती गोंधळतात.

कार्यक्रमात परिचित चित्रपटगीत असावे की नाही, याबद्दल शिक्षकांत मतभेद आहेत. सी. रामचंद्र यांच्या आशा (१९५७) चित्रपटातील ‘ईना मीना डीका’सारखी गीते मुळातच नृत्यवृंदांच्या घाटाची असल्याने बिग बँडला उसनी वाटत नाहीत, आणि बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या नाट्यगृहात बसलेल्या पालकांनाही ती आपली वाटतात. केवळ अमेरिकन रचना वाजविल्या, तरच जॅझ शुद्ध राहतो, ही भूमिका मुंबईच्या इतिहासास धरून नाही.

नवे संयोजन करण्यापूर्वी कायद्याकडे लक्ष द्यावे लागते. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगीतकृतीचे संयोजन हे तिचे रूपांतर समजले जाते व त्यास हक्कधारकाची अनुमती लागते. कलम ५२ मधील सवलती प्रामुख्याने प्रयोगाला आहेत : विद्यार्थी व शिक्षक यांनी संस्थेतील लोक व पालक यांच्यापुढे केलेले वादन, तसेच हौशी मंडळाने विनातिकीट केलेले वादन. कागदांच्या छायाप्रती काढून दुसऱ्या शाळेस देणे त्यांत बसत नाही. संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क टिकतो. शाळेच्या संग्रहातील प्रत्येक पूर्ण स्वरपत्रावर संयोजकाचे नाव, पट्टी, वादकसंख्या व प्रथम वादनाची तारीख नोंदवावी. कोणत्या वादकासाठी कोणता स्वर बदलला, हेही पेन्सिलीने लिहून ठेवावे, म्हणजे तो वादक शाळा सोडून गेल्यावर पुढील शिक्षकास मूळ स्वर परत आणता येतो.