मूल एक, खाती अनेक

शाश्वत विकासाची ध्येयं गावपातळीवर आणताना केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाने नऊ संकल्पना ठरवल्या. त्यातली तिसरी ‘बालस्नेही गाव’. ग्रामपंचायत आराखडा करताना तिचा संकल्प घेऊ शकते. पण मुलांसाठी सगळ्या खात्यांनी मिळून उद्दिष्ट ठरवायचं म्हणजे काय, याबद्दल गावातच नव्हे, तालुक्याच्या आढावा बैठकीतही गैरसमज असतात.

गैरसमज : मुलांचं बघायला अंगणवाडी आणि शाळा आहेत, ग्रामपंचायतीने रस्ते-गटारं बघावीत.

वस्तुस्थिती : ७३व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. शिक्षण, आरोग्य व स्वच्छता, पिण्याचं पाणी, महिला व बालविकास हे सारे त्यात येतात. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चावे लागतात. शिवाय गटार हा मुलांचाच विषय आहे. ज्या मुलाला सारखे जुलाब होतात, त्याला कितीही आहार दिला तरी अंगी लागत नाही.

गैरसमज : ज्याने त्याने आपापलं काम चोख केलं की झालं.

वस्तुस्थिती : १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतल्या सहा सेवांपैकी लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा या तीन आरोग्य खात्यामार्फत मिळतात. म्हणजे हातात हात घालून काम करणं पहिल्यापासूनच गृहीत आहे.

उदाहरणार्थ, कुपोषण ओळखायची दंडघेराची पट्टी घ्या. अंगणवाडी सेविका ती मुलाच्या डाव्या दंडाभोवती गुंडाळते. माप ११.५ सेंटिमीटरच्या आत, लाल पट्ट्यात आलं की मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. नोंद झाली, सेविकेचं काम चोख झालं. पण डॉक्टरांनी दाखल करायला सांगितलं तर घरच्या धाकट्याला कोण सांभाळणार? वाडीवरून दवाखान्यापर्यंत गाडी कुठली? आणि मध्येच आईबाप ऊसतोडीला निघाले, तर पुढच्या जिल्ह्यातल्या सेविकेला कोण कळवणार? प्रत्येक खात्याचा रकाना भरलेला असतो आणि मुलाचं वजन मात्र तिथल्या तिथे.

गैरसमज : उद्दिष्टं जेवढी जास्त, तेवढं काम चांगलं.

वस्तुस्थिती : ‘शंभर टक्के वजनं घेतली’, ‘आहाराची एवढी पाकिटं वाटली’ हा झाला कामाचा हिशोब. सामायिक उद्दिष्ट मुलाच्या बाजूने लिहावं लागतं, आणि तशी दोन-तीन पुरतात. उदाहरणार्थ, ‘यंदा गावातल्या एकाही मुलीचं लग्न अठराच्या आत होणार नाही.’ पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षांआधी झालं होतं. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो ग्रामसेवक. पण मुलगी शाळेत येईनाशी झाली हे आधी कळतं गुरुजींना, स्थळं बघताहेत हे कानावर येतं आशाताईंच्या, आणि दहावीनंतर कॉलेजला जायला वेळेवर एसटी नसेल तर शिक्षण तिथेच थांबतं. उद्दिष्ट एकच असलं, तरी त्यातल्या प्रत्येक कामापुढे एकेकाचं नाव हवं. नाहीतर सगळ्यांची जबाबदारी ती कुणाचीच नाही, ही तक्रार खरी ठरते.

गैरसमज : कुपोषित मुलांचा आकडा वाढला म्हणजे गाव मागे पडलं.

वस्तुस्थिती : नीट शोध घेतला की पहिल्या वर्षी आकडा वाढतोच. त्यावरून सेविकेला बोलणी बसली, तर पुढच्या वेळी पट्टी जरा ढिली गुंडाळली जाते, माप लाल पट्ट्याबाहेर जातं आणि मूल कागदोपत्री बरं होतं. बैठकीत विचारायला हवं ते वेगळंच : सापडलेल्यांपैकी किती मुलं सावरली, आणि उरलेल्यांचं कुठे अडलं?

गैरसमज : याला नवी योजना, नवी समिती, नवा निधी लागतो.

वस्तुस्थिती : समित्या आहेतच. शाळा व्यवस्थापन समितीत तर तीन चतुर्थांश पालक असावेत, असा कायदाच आहे. कुपोषण कमी करण्यासाठीचं राजमाता जिजाऊ मिशन २००५ साली औरंगाबादेत सुरू झालं, तेही आहे त्याच यंत्रणेला एका कामाला जुंपून. राज्यात दोन वर्षांखालच्या खुरट्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं. २०१२च्या पाहणीत ते सुमारे २३ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय एकट्या मिशनचं नाही. शिवाय ही घडी आपोआप टिकत नाही : पाच वर्षांखालच्या, उंचीच्या मानाने कृश मुलांचं प्रमाण चौथ्या आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २५.६ टक्क्यांवरच अडून राहिलं.

‘सबकी योजना, सबका विकास’ मोहिमेत दरवर्षी २ ऑक्टोबरपासून पुढच्या आराखड्याची तयारी सुरू होते, आणि ग्रामसभेआधी महिला सभा घेणं महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे. मुलांसाठीचं उद्दिष्ट तिथे मांडावं, जबाबदारांच्या नावांसकट ठरावात लिहून घ्यावं आणि दर तिमाहीला त्याच नावांना जाब विचारावा.