धामण गाईचे दूध पिते काय?



तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नोकरीत नवा होतो. एका गावी सकाळीच गेलो, तो गोठ्यापुढे गर्दी. पुरुषभर लांबीची धामण काठ्यांनी मारून टाकलेली. घरातल्या आजी म्हणाल्या, "साहेब, चार दिवस झाले, गाईचं दूध आटलं. सडातून रक्त येतंय. ही मेली रात्री पायांना विळखा घालून पिऊन जायची."

मी कासेला हात लावला. कास कढत, एक सड दगडासारखा घट्ट. गाईला दगडी झाली होती. धामण मेली, पण गाय काही बरी झाली नाही. डॉक्टरांना आणीपर्यंत आणखी आठ दिवस गेले आणि तो सड कायमचा बाद झाला.

हा समज आपल्याकडेच आहे असे नाही. इ. स. ७९ मध्ये वारलेल्या प्लिनी या रोमन पंडिताने, बोआ साप गाईच्या दुधावर पोसतो, असे लिहून ठेवले आहे. अमेरिकेत तर एका निरुपद्रवी सापाचे नावच 'दुधाचा साप' पडले.

प्राणिशास्त्रज्ञांनी सापाचे तोंड तपासले, तेव्हा उलगडा झाला. दूध ओढायला वासराला मऊ ओठ व गाल लागतात. सापाला ते नाहीत. त्याचे दात अणकुचीदार व आत वळलेले असतात. ते सडात रुतले तर गाय लाथ मारल्याशिवाय राहील काय? शिवाय दूध हे सापाचे अन्नच नव्हे. तहानेने व्याकूळ झालेला साप पुढे ठेवलेले दूध पाणी समजून पिईल, पण ते त्याला पचत नाही.

मग धामण गोठ्यात येते कशाला? उंदरांसाठी! वैरण आणि दाणे तेथे उंदीर, आणि उंदीर तेथे धामण. ती बिनविषारी आहे. तिला मारणे म्हणजे कणगीचा राखणदार मारणे होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही तिला संरक्षण आहे.

दगडीचा खरा चोर म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू. ते सडाच्या छिद्रातून आत शिरतात. म्हणून एवढे करा:

गोठा कोरडा ठेवा. धार काढण्यापूर्वी हात व कास धुऊन पुसा. पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घेऊन पाहा. गुठळ्या किंवा रक्त दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. धार काढल्यावर सडाचे छिद्र काही वेळ उघडे असते. तेव्हा गाईपुढे वैरण टाका, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील.

मात्र कोणताही साप हाताळू नका. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे विषारीच. ओळख पटत नसेल तर दूर राहा व सर्पमित्राला बोलवा. दंश झालाच, तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता रोग्याला सरळ सरकारी दवाखान्यात न्या. त्यावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे.

त्या आजींच्या सुनेने पुढे धारेच्या भांड्याशेजारी काळे फडके कायमचे टांगून ठेवले. त्या गोठ्यात पुन्हा धामण दिसली, पण काठी कोणी उचलली नाही.