लंगडणं थांबलं म्हणजे गुडघा बरा झाला का?

"एसीएलची सर्जरी होऊन दोन महिने झाले, आता लंगडत नाही, मग टर्फवर कधी उतरू?" हा प्रश्न इतक्यांदा कानावर येतो की आजचा भाग त्यावरच. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण माझ्या उजव्या गुडघ्यात माझ्याच हॅमस्ट्रिंगचा तुकडा लिगामेंट म्हणून बसवून साडेसात महिने झालेत, त्यामुळे हा विषय रोज माझ्यासोबत चालतो.

आधी साधं चालणं बघू. टाच टेकते तेव्हा गुडघा जवळजवळ सरळ असतो. अंगाचं वजन त्यावर आलं की तो लगेच १५ ते २० अंश वाकतो आणि धक्का पचवतो. पुढे तोच पाय हवेतून पुढे येताना साधारण ६० अंश वाकतो. सर्जरीनंतर नेमका हा मधला छोटा बाक गायब होतो. गुडघा ताठ राहतो, आणि तोही पूर्ण सरळ नसतो, किंचित वाकलेला.

का? तर मांडीच्या पुढचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स. गुडघ्यात सूज असली की मज्जासंस्था या स्नायूला आपोआप दाबून ठेवते. स्नायू जागेवर आहे, पण त्याला पुरेसे सिग्नलच जात नाहीत. सर्व्हर चालू आहे आणि रिक्वेस्ट पोचत नाहीये, तसं. मग शरीर जुगाड करतं. थोडं काम कंबरेच्या सांध्यावर ढकलतं, थोडं चांगल्या पायावर. बाहेरून चाल ठीक दिसते, पण ऑपरेशन झालेला गुडघा आपला वाटा उचलतच नसतो. अशी चाल कित्येक महिने टिकू शकते.

म्हणून माझ्या फिजिओचा पहिला हट्ट वाकवण्याचा नव्हता, सरळ करण्याचा होता. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा सैल, आणि पडून राहायचं. भयंकर कंटाळवाणं! पण शेवटचे चार-पाच अंश सरळ झाले नाहीत तर प्रत्येक पावलाला क्वाड्रिसेप्सला उगाच जास्त राबावं लागतं. आणि कुबडी सोडायची घाई नको. कुबडी घेऊन नीट चाललेलं बरं, कुबडीशिवाय लंगडत चाललेलं नाही. एकच कुबडी असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. उजवा गुडघा असेल तर डाव्या हातात. बरेच जण उलटं करतात.

आता आपल्या आवडीचं, फोन. आयफोन खिशात असला की हेल्थ ॲप चालण्यातली असमानता मोजतं. मी रोज तो ग्राफ बघायचो. पण तो बघतो दोन पायांच्या पावलांच्या वेगातला फरक, गुडघा किती अंश वाकला ते नाही. आकडा शून्य दाखवत असतानाही गुडघा ताठ असू शकतो. त्यापेक्षा मित्राला सांगा, बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढ. टाच टेकल्यानंतरचा तो छोटा बाक दोन्ही पायांत सारखा आहे का, बघा. आणि तो व्हिडिओ फिजिओला दाखवा.

दोन महिन्यांवाल्यांनी हे खास ऐका. नवीन ग्राफ्ट शरीरात रुजताना आधी कमजोर होतो, मग हळूहळू मजबूत. म्हणजे दुखणं कमी होतं, चाल सुधारते, तेव्हाच आतला दोर कच्चा असतो. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा २०१६ चा एक अभ्यास आहे. त्यात खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, तितकं दर महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी दिसलं. शिवाय नुसते महिने मोजून चालत नाही. ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के लागते, एका पायावरच्या उडीतही तसंच.

माझी ताकद मागच्या टेस्टला ७८ टक्के भरली. पुढची टेस्ट नऊ महिने पूर्ण झाल्यावर. तोवर ग्रुपवर टर्फचा मेसेज आला की मी जातो, पण स्कोअर लिहायला.