खुब्याच्या सांधेरोपणानंतर घरातील आसनव्यवस्था : रत्नागिरी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

संधिवाताने झिजलेला सांधा, मांडीच्या हाडाच्या डोक्याचा खंडित झालेला रक्तपुरवठा किंवा वृद्धापकाळी पडल्यामुळे झालेला अस्थिभंग अशा कारणांसाठी खुब्याचे सांधेरोपण केले जाते. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली या शस्त्रवैद्यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी या शस्त्रक्रियेला आधुनिक रूप दिले. शस्त्रक्रिया रुग्णालयात होत असली, तरी सांध्याभोवतीचे आवरण व स्नायू भरून येण्याचे पहिले सहा ते बारा आठवडे रुग्ण बहुतांशी घरीच व्यतीत करतो. या काळात कशावर बसावे आणि कसे बसावे, हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नसून सांध्याच्या सुरक्षिततेचा असतो. रत्नागिरी परिसरातील पारंपरिक घर जमिनीलगत बसण्याच्या सवयीवर उभे आहे. त्यामुळे येथे या प्रश्नाला वेगळे महत्त्व प्राप्त होते. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

खुबा आणि गुडघा यांतील भेद

माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवरील शस्त्रक्रिया मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० व २००१ साली झाल्या, तेव्हा सांधेरोपण हा विषय घरोघरी पोहोचला. तथापि गुडघ्याचा अनुभव खुब्याला लावणे धोक्याचे ठरते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सांधा अधिकाधिक वाकावा म्हणून प्रयत्न करावे लागतात. खुब्याच्या बाबतीत मात्र आरंभीच्या काळात वाकण्यावर संयम ठेवावा लागतो.

याचे कारण सांध्याच्या रचनेत आहे. खुबा हा उखळी व गोळा या स्वरूपाचा सांधा आहे. नैसर्गिक गोळ्याचा व्यास साधारणतः ४५ ते ५० मिलिमीटर असतो. कृत्रिम गोळा बहुधा २८, ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा असतो. सांध्याच्या मागील बाजूने शस्त्रक्रिया झाली असल्यास तेथील आवरण व स्नायू काही काळ दुर्बल राहतात. अशा वेळी मांडी काटकोनापेक्षा अधिक वाकली, शरीराच्या मध्यरेषेपलीकडे गेली आणि आत वळली, तर कृत्रिम हाडाची मान उखळीच्या कडेवर टेकते व तरफेप्रमाणे गोळा मागे निसटू शकतो. पुढील बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेत धोक्याच्या हालचाली वेगळ्या असतात आणि अलीकडे अनेक शस्त्रवैद्य अशा रुग्णांवरील निर्बंध शिथिल ठेवतात. म्हणून शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने झाली, हे कुटुंबाने विचारून घेणे आवश्यक आहे. पुढील विवेचन मुख्यत्वे मागील बाजूने झालेल्या शस्त्रक्रियेस अनुसरून आहे.

आसनाची उंची व दृढता

योग्य आसनाची कसोटी एका वाक्यात सांगता येते : बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खालच्या पातळीवर असावेत. यासाठी रुग्ण उभा असताना जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर ४२ सेंटिमीटर असल्यास आसन किमान ४७ सेंटिमीटर उंच हवे. त्याच वेळी दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत. हे माप माणूस बसलेला असताना घ्यावे, कारण कापसाची गादी किंवा मऊ सोफा भाराने खाली दबतो आणि रिकामेपणी दिसणारी उंची प्रत्यक्षात उरत नाही. काथ्याची किंवा घट्ट फोमची गादी या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे.

ओटीवरील आरामखुर्ची आरामदायी भासली, तरी तिची बैठक खोल असते व उठताना खूप पुढे झुकावे लागते. झोपाळा बसण्याच्या क्षणी स्थिर राहत नाही. पाट व चटई यांचा तर विचारच नको. प्लास्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत लाद्यांवर सरकते आणि हातांवर भार देताच कलंडू शकते. सरळ पाठीची व दोन्ही बाजूंना हात असलेली जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवणे सर्वांत श्रेयस्कर होय. ती ठेंगणी असल्यास पायांखाली खाच पाडलेले ठोकळे बसवावेत. नुसत्या विटांवर ठेवलेली खुर्ची घसरण्याचा धोका असतो.

बसण्याची व उठण्याची रीत

वॉकरच्या आधारे मागे सरकत पोटऱ्यांना खुर्चीचा स्पर्श होईपर्यंत यावे. शस्त्रक्रिया झालेला पाय थोडा पुढे करावा, एकेक करून हात खुर्चीच्या हातांवर न्यावेत आणि सावकाश खाली बसावे. उठताना प्रथम कडेपर्यंत सरकावे, तोच पाय पुढे ठेवावा व हातांच्या बळावर वर यावे. वॉकर धरून स्वतःला ओढू नये, कारण तो उलटू शकतो. बसल्यावर पायावर पाय टाकू नये. जमिनीवर पडलेली वस्तू उचलण्यासाठी किंवा चपलेचा पट्टा लावण्यासाठी वाकू नये. पाणी, औषधे, चष्मा व दूरध्वनी हाताच्या टप्प्यात ठेवावेत.

उत्तम आसनावरही सलग ३० ते ४५ मिनिटांपेक्षा अधिक वेळ बसू नये. दीर्घकाळ पाय लोंबते राहिल्यास सूज वाढते व शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता असते. घोटे वरखाली हलविणे आणि मधूनमधून घरातल्या घरात चालणे हाच त्यावरील सोपा उपाय होय. पोटरीत वेदना व सूज, एकाएकी लागलेली धाप, जखमेतून स्राव किंवा ताप यांपैकी काहीही आढळल्यास वैद्यकीय सल्ला त्वरित घ्यावा. खुब्यात अकस्मात तीव्र वेदना होऊन पाय आखूड व आत वळलेला दिसल्यास सांधा निखळला असण्याचा संभव असतो. अशा वेळी रुग्णास बसविण्याचा प्रयत्न न करता रुग्णालयात न्यावे.

घर, ऋतू आणि कुटुंब

जुन्या कौलारू घरांत शौचालय परसदारी असते. पावसाळ्यात निसरड्या जांभ्याच्या पायऱ्या उतरून तेथे जाणे निरोगी वृद्धालाही कठीण असते. म्हणून खोलीत उंच कमोड खुर्ची ठेवणे ही चैन नसून गरज आहे. रिक्षाची बैठक ठेंगणी व शिरण्याची जागा अरुंद असल्याने तपासणीसाठी जाताना मोटारीची पुढील सीट मागे सरकवून, घट्ट उशीने उंच करून वापरावी.

याहून नाजूक प्रश्न मानाचा व सवयीचा आहे. स्वयंपाकघरात विळीवर बसणाऱ्या गृहिणीला ते काम इतरांकडे सोपवावे लागते. भाजी ओट्यापाशी उभ्याने किंवा खुर्चीत बसून सुरीने चिरता येते. गणेशोत्सवात देवासमोर खुर्चीवर बसणे किंवा वडीलधाऱ्यांना न वाकता हात जोडणे अनेकांना अवघड वाटते. संकोचापोटी घेतलेली एकच बैठक मात्र सांधा निखळविण्यास पुरेशी ठरू शकते. म्हणून हा संकोच दूर करण्याचे दायित्व कुटुंबाचे आहे. आरतीच्या व भजनाच्या वेळी रुग्णाची उंच खुर्ची आधीच मांडलेली असावी, म्हणजे त्याला ती मागावी लागणार नाही.

पुढे मांडी घालून बसता येईल काय, असा प्रश्न बहुतेक रुग्ण विचारतात. मांडी घालताना पाय बाहेरच्या दिशेने वळतो, त्यामुळे ती स्थिती मागे निसटण्याच्या स्थितीहून भिन्न आहे. परंतु जमिनीवर बसताना व उठताना खुबा काटकोनापलीकडे वाकतो. यास्तव त्याचा निर्णय सांध्याचा प्रकार, स्नायूंचे बळ व तपासणी यांवरून शस्त्रवैद्यांनीच घ्यावयाचा असतो.

समारोप

खुब्याच्या सांधेरोपणानंतर सुखाने बसणे हे गादीच्या मऊपणावर अवलंबून नसून आसनाची उंची, स्थैर्य व बसण्याचा मर्यादित काळ या तीन गोष्टींवर अवलंबून आहे. ही व्यवस्था अल्प खर्चाची असून रुग्ण घरी परतण्यापूर्वीच ती पूर्ण करता येते. रुग्णाला आतल्या खोलीत अंथरुणावर न ठेवता माजघरात, माणसांच्या मध्ये सुरक्षितपणे बसविणे हे तिचे अंतिम प्रयोजन होय.