सीटीचा फोटो नको, फाइल पाठवा

कोराडीहून आलेल्या मुलाने वडिलांचा मेंदूचा सीटी स्कॅन माझ्यापुढे धरला. म्हणजे मोबाइल धरला. खिडकीच्या काचेला फिल्म लावून काढलेला फोटो होता तो. चार दिवसांपूर्वी वडिलांची बोबडी वळली होती, मग थोडी सुधारली. "सारं यातच आहे ना साहेब," तो म्हणाला. सारं त्यात नव्हतं.

सीटीच्या एका चित्रात साधारण 512 गुणिले 512 ठिपके असतात आणि प्रत्येकामागे घनता सांगणारा आकडा. पाणी 0, हवा उणे 1000, हाड कित्येक शेकडा. मेंदूचा निरोगी आणि रक्तपुरवठा तुटलेला भाग यांत सुरुवातीला जेमतेम काही अंकांचा फरक असतो. मूळ फाइल संगणकावर उघडली की आम्ही छटा खालीवर करून तो फरक शोधतो. फिल्मवर छटा गोठलेली असते, आणि तिचा फोटो मेसेजिंग ॲप आणखी दाबून लहान करतं. ताज्या झटक्यात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. तेव्हा सीटी पुन्हा काढायला वेळ कुठला?

ही मूळ फाइल 'डायकॉम' स्वरूपात असते. एका यंत्राने दुसऱ्याला चित्रं थेट द्यावीत, म्हणून 1993 मध्ये हे नाव घेऊन हा मानक आला. अडचण रुग्णालयाच्या फाटकाबाहेर सुरू होते. सेंटर सीडी देतं आणि नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते! एक चित्र अर्ध्या एमबीचं, तर तीनशे चित्रं दीडशे एमबीची. ईमेल तिथेच हात टेकतो.

अशा वेळी संगणकातून संगणकात फाइल पाठवणारी मोफत साधनं कामी येतात. दोन्ही संगणक एकाच वायफायवर असतील तर 'लोकलसेंड'ला इंटरनेटही लागत नाही. दूर असतील तर 'मॅजिक वर्महोल' आहे. पाठवणाऱ्याला एक अंक आणि दोन इंग्रजी शब्दांचा कोड मिळतो, तो फोनवर सांगायचा. मात्र हे साधन कमांड टाइप करून चालतं, त्यामुळे घरातल्या संगणकवाल्या पोराला हाक मारा. दोन्ही संगणक एकाच वेळी चालू हवेत. फाइल वाटेत कुलूपबंद असते, तिची प्रत तिसऱ्याकडे साठून राहत नाही. डायकॉम फाइलमध्ये रुग्णाचं नाव आणि वयही असतं, म्हणून ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये.

मुलाने सेंटरला फोन लावला. तिथल्या तंत्रज्ञाने कोड सांगितला, मी लॅपटॉपवर टाइप केला. छटा बदलल्यावर मेंदूच्या डाव्या बाजूला छोटा काळसर डाग दिसला. दुसरा सीटी काढावा लागला नाही.