चिमण्यांचे ताट स्वच्छ, तर घरही निरोगी

मागील श्रावणातील गोष्ट आहे. जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून एक सेवानिवृत्त शिक्षक माझ्या दवाखान्यात आले. वय 76, अंगकाठी सडपातळ, सोबत सूनबाई. तीन आठवड्यांपासून कोरडा खोकला होता आणि पहाटे छाती भरून येत होती. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला अंगावर काढू नये, या नियमाप्रमाणे थुंकीची तपासणी व छातीचा एक्स-रे करून घेतला. क्षयरोग नव्हता. गुरुजी कपडे सावरत असताना सूनबाई हळूच म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, मामांजींना ते चिमण्यांना दाणे टाकणं बंद करायला सांगा. सगळा ओटा घाण होतो, आणि तो मलाच खरवडावा लागतो.”

गुरुजींनी ते ऐकले. ते म्हणाले, “दाणे टाकायचं काम आमच्या हिचं होतं. ती गेली, तेव्हापासून मी करतो. सकाळी माझी वाट पाहणारं घरात तेवढंच आहे हो.”

दोघांचेही म्हणणे खरे होते. वैद्य म्हणून ‘बंद करा’ असे सांगणे सोपे होते. पण त्या एका शब्दाने वृद्ध माणसाची सकाळ रिकामी झाली असती. म्हणून मी त्यांना एवढेच सांगितले, की पुढच्या खेपेला ते दाण्याचे भांडे घेऊन या.

भांडे आले. नातवाने शाळेच्या उपक्रमात केलेली ती दोन लिटरची शीतपेयाची बाटली होती. तिला आरपार भोके पाडून दोन लाकडी चमचे बसवले होते. तळाची बाजरी पावसाने भिजून घट्ट झाली होती आणि तिच्यावर काळपट हिरवी बुरशी चढली होती. बाटलीच्या तोंडातून हात आत जात नाही, म्हणून ती कधी घासली गेलीच नव्हती. गुरुजी रोज सकाळी बाटली हलवून, भोकांवर फुंकर मारून अडकलेली टरफले उडवत असत. बुरशीची व विष्ठेची धूळ अशा रीतीने रोज थेट त्यांच्या श्वासात जात होती. पुढे छत्रपती संभाजीनगर येथील छातीविकारतज्ज्ञांनी तपासणी करून सांगितले, की जुना दमा धुळीमुळे व बुरशीमुळे बळावला आहे. बाटली फेकली, औषधे सुरू झाली आणि आम्ही नवे भांडे कसे असावे याचा विचार सुरू केला.

अंगणातून खिडकीकडे

आपल्या मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत चिमणीसाठी वेगळी सोय करावी लागत नसे. तुळयांच्या खोबणीत, तसबिरीच्या मागे तिचे घरटे असे. अंगणात सुपाने धान्य पाखडले, की कण्या तिच्या वाट्याला येत. त्या उघड्यावर विखुरलेल्या असत आणि सांजेपर्यंत संपत. आता स्लॅबची घरे आली, धान्य निवडलेले येऊ लागले, अंगणात फरशी आली. चिमणीची जागा आक्रसत गेली.

या प्रश्नाकडे लोकांचे लक्ष वेधण्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी ‘नेचर फॉरेव्हर सोसायटी’च्या माध्यमातून घरट्यांच्या व दाण्यांच्या पेट्यांचा प्रसार केला. 20 मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून 2010 पासून पाळला जातो, तोही त्यांच्याच पुढाकाराने. दिल्ली राज्याने 2012 मध्ये चिमणीला राज्यपक्ष्याचा मान दिला. तेव्हापासून शाळाशाळांतून बाटल्यांची व खोक्यांची दाणेपात्रे होऊ लागली. हेतू उत्तमच आहे. परंतु ती टांगताना सहसा पुढचा प्रश्न विचारला जात नाही, की ही धुवायची कशी?

घाण भांड्याने काय होते?

रानात पाखरे पांगून चरतात. दाणेपात्रावर तीच पाखरे एकाच जागी, एकमेकांच्या विष्ठेवर व लाळेवर चरतात. इंग्लंडमध्ये ‘ग्रीनफिंच’ या पक्ष्याची संख्या 2005 नंतर ‘ट्रायकोमोनोसिस’ या रोगाने मोठ्या प्रमाणात घटली. उष्टे दाणे व पाणी हा त्याच्या फैलावाचा एक मार्ग आहे. म्हणून तेथील पक्षिसंरक्षण संस्थेने 2025 मध्ये सपाट दाणेफळ्यांची विक्री थांबवली. अमेरिकेत 2021 मध्ये रानपक्ष्यांतून माणसांत ‘साल्मोनेला’ जंतूंचा संसर्ग झाल्याचे आढळले. आजारी पक्ष्यांना किंवा घाण दाणेपात्रांना हात लावून नंतर तो तोंडाकडे नेणे, हे त्याचे सहज घडणारे कारण.

आपल्याकडे मुख्य काळजी कबुतरांची आहे. त्यांच्या पिसांतील व विष्ठेतील सूक्ष्म कण वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास काही व्यक्तींच्या फुफ्फुसांना ॲलर्जीजन्य सूज येते आणि वेळीच न ओळखल्यास फुफ्फुसे कायमची कडक होतात. मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून 2025 मध्ये झालेला वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो याच भीतीपोटी. घरच्या चार चिमण्या म्हणजे कबुतरखाना नव्हे. तरीही भांडे घाण राहिले आणि कबुतरे जमू लागली, तर धोका वाढतो.

सोपे भांडे: कडे आणि दोन ताटल्या

गुरुजींच्या संधिवाताच्या बोटांना स्क्रू फिरवणे, गाठ सोडणे जमत नव्हते. स्टुलावर चढणे तर या वयात मी कोणालाच करू देत नाही. पडून मांडीचे हाड मोडण्याची भीती खोकल्यापेक्षा मोठी असते. या अडचणी लक्षात घेऊन गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पुढीलप्रमाणे भांडे तयार करवून घेतले.

ओसरीच्या जाळीला छातीच्या उंचीवर एक लोखंडी कडे पक्के बसवले. कुंडी ठेवण्यासाठी असते तसेच. त्यात काठाची एक स्टीलची ताटली अलगद बसते. तिच्या तळाला दोन-दोन मिलिमीटरची दहा-बारा भोके पाडली आहेत. पाणी निथळते, बाजरी मात्र राहते. भोकांच्या कडा कानशीने गुळगुळीत केल्या आहेत. ताटली एका हाताने उचलून निघते. अशा दोन ताटल्या आहेत. एक कड्यात असते, तेव्हा दुसरी घासून उन्हात वाळत असते. या दुसऱ्या ताटलीमुळे ‘आज वाळली नाही, तशीच लावू’ असे म्हणण्याची वेळ येत नाही.

वरून साधारण चार सेंटिमीटर चौकोनांच्या तारेच्या जाळीची टोपी ठेवली आहे. चिमणी त्यातून आत शिरते, कबूतर शिरू शकत नाही. टोपीही सुटी आहे, म्हणून धुता येते. लाकूड, पुठ्ठा, थर्माकोल, दोरी यांतील काहीही वापरले नाही. ओल धरणारी वस्तू पूर्ण स्वच्छ होत नाही. कोपरे असलेल्या डब्यापेक्षा गोल भांडे बरे, कारण घासणी सर्वत्र पोहोचते. तयार दाणेपात्र विकत घ्यायचे असेल, तर दुकानातच दोन गोष्टी पाहाव्यात: आपला हात आत पूर्ण जातो का, आणि हत्याराशिवाय सर्व भाग सुटे होतात का?

ताटली सपाट आहे, तेव्हा विष्ठा दाण्यांत मिसळण्याचा दोष तिच्यातही आहे. त्यावर उपाय मोजक्या दाण्यांचा. सकाळी एक मूठ बाजरी, राळे किंवा तांदळाच्या कण्या. सांजेपर्यंत संपतील एवढ्याच. उरलेले दाणे दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नयेत. खारे फरसाण, शिळी पोळी, ओला भात घालू नये. कीड किंवा बुरशी लागलेले धान्य ‘पाखरांना चालते’ हा समज चुकीचा आहे. पिलांना कीटकच लागतात. म्हणून अंगणात एखादे देशी झुडूप असू द्यावे आणि त्यावर कीटकनाशक मारू नये.

जागा निवडताना कड्याखाली पिण्याच्या पाण्याची टाकी, चूल किंवा झोपण्याची खाट नसावी. खाली पडलेले दाणे रोज उचलावेत. ते राहिले तर उंदीर येतात आणि खेड्यात उंदरांमागून सापही येतो.

पाण्याचे परळ

एप्रिल-मे महिन्यांत आपल्या जिल्ह्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. तेव्हा दाण्यांपेक्षा पाण्याची गरज अधिक असते. मातीचे पसरट परळ, त्यात तीन-चार बोटे पाणी आणि पाखरांना टेकण्यासाठी एक दगड पुरेसा आहे. परळही दोन ठेवावेत. पाणी रोज ओतून टाकावे आणि आतली बाजू काथ्याने घासावी. केवळ पाणी बदलणे पुरेसे नाही. डेंग्यूचे डास आपली अंडी भांड्याच्या कडेला चिकटवतात आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. रोजच्या घासण्याने पाखरे आणि घरातली माणसे दोघांचेही रक्षण होते.

धुण्याची रीत

रोज: ताटली काढावी, साबण व पाण्याने घासावी, उन्हात कोरडी होऊ द्यावी.

पंधरा दिवसांतून एकदा, पावसाळ्यात आठवड्याला: साबणाने धुतल्यानंतर एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणात ताटली व जाळी दहा मिनिटे बुडवावी. नंतर वास जाईपर्यंत भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. स्टील अधिक वेळ बुडवून ठेवू नये, ते खराब होते. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करण्याचे ॲसिड कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. दमेकऱ्यांनी हे काम स्वतः करू नये.

वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूने झाडू नये, खरवडू नये. आधी पाणी शिंपडून दहा मिनिटे भिजू द्यावी, मग ओल्या फडक्याने पुसावी. रबरी हातमोजे व मास्क वापरावा, नंतर हात साबणाने धुवावेत. हे सारे बाहेर करावे, स्वयंपाकघरातील मोरीत नव्हे. घासणी व बादली वेगळी ठेवावी.

कोणी दूर राहावे?

ज्यांना पक्ष्यांमुळे फुफ्फुसाची ॲलर्जी असल्याचे निदान झाले आहे, त्यांनी स्वच्छ भांडेही ठेवू नये. संपर्क पूर्ण टाळणे हाच उपचाराचा पाया आहे. कर्करोगाची औषधे, दीर्घकाळ स्टिरॉइड किंवा अवयव-प्रत्यारोपणानंतरची औषधे घेणाऱ्यांनी सफाई करू नये, दुरून पाखरे पाहावीत. टिकून राहणारा कोरडा खोकला, चालताना धाप, पाखरांच्या संपर्कानंतर काही तासांनी येणारा ताप ही लक्षणे असल्यास डॉक्टरांकडे जावे आणि घरी पक्ष्यांना दाणे घालतो, हे आवर्जून सांगावे. आम्ही ते विचारायला कधी कधी विसरतो.

पिसे फुगवून सुस्त बसलेली पाखरे दिसली, तर दोन आठवडे दाणे-पाणी बंद करून सर्व भांडी निर्जंतुक करावीत. मेलेल्या पाखराला उघड्या हाताने स्पर्श करू नये. अनेक पाखरे मेली असतील, तर पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. शेजारच्या परभणी जिल्ह्यात जानेवारी 2021 मध्ये कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता, हे विसरू नये.

गुरुजी अलीकडे महिन्याने येतात. दमा आटोक्यात आहे, पंप नियमित घेतात. रोजची ताटली ते स्वतः घासतात. ब्लीचचे काम नातवाकडे आहे. गेल्या खेपेला मी सूनबाईंना ओट्याविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “ओटा आता स्वच्छ असतो, डॉक्टरसाहेब. मामांजी परवा लग्नाला गेले होते, तर ताटली मीच भरली. चिमण्या सकाळपासून ओरडत होत्या ना.”