व्यवहार न थांबवता सर्व्हर बदलताना

सुरतच्या कतारगाम भागात पैलू पाडलेल्या हिऱ्यांचा व्यापार संकेतस्थळांवरूनही चालतो आणि अमेरिकी ग्राहकाचा दिवस येथे संध्याकाळ झाल्यावर उजाडतो. त्यामुळे संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर, म्हणजे माहिती साठवून मागणीनुसार पुरवणाऱ्या संगणकावर, हलवताना ते बंद ठेवायला सोयीची वेळ सापडत नाही.

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडलेली डीएनएस ही व्यवस्था संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता शोधून देते, आणि तो पत्ता इतर यंत्रणांनी किती काळ जपून ठेवावा, ती मुदत म्हणजे ‘टीटीएल’ होय. ही मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असेल, तर पत्ता बदलल्यावरही काही ग्राहक दिवसभर जुन्याच सर्व्हरवर पोहोचतात. म्हणून ती किमान एक दिवस आधी ३०० सेकंदांवर आणतात.

खरी अडचण सतत बदलणाऱ्या साठ्याची असते, कारण जुन्या सर्व्हरवर विकला गेलेला हिरा नव्यावर शिल्लक दिसला, तर तो दोघांना विकला जातो. त्यामुळे नव्या सर्व्हरवर प्रत उभारून तपासल्यानंतर, अखेरच्या काही मिनिटांत यादी दिसेल पण मागणी नोंदवता येणार नाही अशी तजवीज करून उरलेल्या नोंदी जुळवतात, मगच पत्ता बदलतात, आणि जुना सर्व्हर काही दिवस केवळ पाहण्यापुरता चालू ठेवतात.